गठ्ठ्यातल्या दोन नोटा

जपानी भाषेत 'सात्सुताबा' असा एक शब्द आहे. 'सात्सु' म्हणजे कागदी नोट आणि 'ताबा' म्हणजे एकत्र बांधलेल्या वस्तूंचा जुडगा. दोन्ही मिळून अर्थ होतो नोटांचे पुडके. (मराठी कानाला या शब्दात मालकीचा 'ताबा' ऐकू येतो. तो निव्वळ योगायोग. पण शब्द लक्षात ठेवायला उपयोगी.) जपानी-इंग्रजी शब्दकोश उघडला तर वॉड, रोल, बंडल असे दोन-तीन प्रतिशब्द सापडतात आणि अनुवादकाचे काम तिथेच संपले असे वाटते.

अनुवादाची चर्चा करताना आपण सहसा अशा शब्दांकडे वळत नाही. वर्गात उदाहरणे द्यायची ती किमोनोची, तातामीची, किंवा 'मोनो नो आवारे'सारख्या सौंदर्यशास्त्रीय संज्ञांची. जे एका संस्कृतीत आहे आणि दुसरीत नाही, ते अनुवादाला अवघड, असे आपण गृहीत धरतो. नोटांचे पुडके तर टोकियोत, लंडनमध्ये आणि न्यूयॉर्कमध्ये सारखेच. वस्तू एकच असताना शब्दाची अडचण ती काय असणार?

अडचण अशी आहे, की वस्तू एकच असली तरी तिच्याकडे पाहण्याची रीत एकच नसते. 'सात्सुताबा' या शब्दात तीन गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या आहेत. मोजलेली संख्या, तिला घातलेले बंधन, आणि त्या बंधनावर ठेवलेला विश्वास. गठ्ठा म्हणजे एका अर्थी मोजणी थांबवण्याचा करार. आत किती आहेत ते एकदा कुणीतरी मोजले, वर पट्टी बांधली, आणि पुढे सगळ्यांनी तो आकडा मान्य केला. इंग्रजीतले बहुतेक प्रतिशब्द यांपैकी एखादी गोष्ट वाटेत सांडतात. एरवी या सांडण्याने फारसे बिघडत नाही. पण १८९४ सालच्या एका जपानी कथेत सगळा नैतिक पेच या एका गोष्टीवर उभा आहे, आणि तिथे मात्र बिघडते. त्या कथेकडे जाण्याआधी शब्दाच्या दोन्ही अर्ध्या भागांचा इतिहास पाहिला पाहिजे.

• • •

'सात्सु' ज्या चिनी अक्षराने लिहितात त्याचे दुसरे, अस्सल जपानी वाचन 'फुदा' असे आहे. फुदा म्हणजे काहीतरी लिहिलेली चपटी पट्टी, मग ती लाकडाची असो वा कागदाची. दारावरच्या नावाची पाटी ही फुदा, शंभर कवींच्या शंभर कवितांवर खेळल्या जाणाऱ्या पत्त्यांच्या खेळातले पान ही फुदा, आणि देवळातून घरी आणून लावायचा मंतरलेला कागद हीसुद्धा फुदाच, आदरार्थी 'ओफुदा'. लिहिलेल्या अक्षरांमुळे पट्टीला सामर्थ्य येते, ही कल्पना या सर्वांच्या मुळाशी आहे.

पैशाच्या इतिहासाशी हा धागा थेट जुळतो. सतराव्या शतकाच्या आरंभी इसे देवस्थानाच्या परिसरातल्या यामादा गावी 'यामादा हागाकी' नावाच्या कागदी चिठ्ठ्या चलन म्हणून फिरू लागल्या. त्या काढणारे व्यापारी हे इसेच्या यात्रेकरूंची व्यवस्था पाहणारे आणि गावोगाव देवस्थानाचे ओफुदा पोचवणारे 'ओशी' होते. जपानमधले पहिले कागदी चलन अशा माणसांच्या पतीवर उभे राहिले, ज्यांच्या हातून लोक आधीपासूनच अक्षरे लिहिलेला कागद श्रद्धेने घेत होते. पुढे १६६१ साली फुकुई संस्थानाने आपली नोट काढली, आणि संस्थानोसंस्थानी 'हानसात्सु' निघू लागल्या. त्यांच्यावर एबिसू, दाइकोकू या समृद्धीच्या देवांची चित्रे असत. १८६८च्या मेइजी सत्तांतरानंतर नव्या सरकारने काढलेल्या नोटांच्या नावातही 'सात्सु' होतेच. १८८२ साली बँक ऑफ जपान स्थापन झाली. तिची पहिली नोट १८८५ साली निघाली तीही दाइकोकूचे चित्र घेऊन. या नोटेचा कागद मजबूत व्हावा म्हणून त्यात कोन्न्याकू नावाच्या कंदाचे पीठ मिसळले होते. परिणाम असा झाला, की उंदीर आणि किडे त्या नोटा कुरतडू लागले. दाइकोकूचा दूत उंदीरच, ही गोष्ट लक्षात घेतली तर देवाने आपला वाटा वसूल केला असे म्हणायला हरकत नाही.

'ताबा' या दुसऱ्या अर्ध्या भागाचा इतिहास याहून जुना आणि शेतातला आहे. हेच अक्षर 'सोकू' असे वाचले की ते भाताच्या पेंढ्यांचे माप होते. ७०१ सालच्या ताइहो संहितेनुसार एक तान जमिनीवर शेतसारा होता दोन सोकू दोन वा. 'वा' म्हणजे लहान पेंढी. दहा वा मिळून एक सोकू. राज्य शेतकऱ्याला बियाणे कर्जाऊ देई तेही सोकूत, आणि सुगीनंतर पन्नास टक्के व्याजासह परत घेई तेही सोकूत. म्हणजे कागदी नोट जन्माला येण्याच्या जवळजवळ हजार वर्षे आधी 'बांधलेला जुडगा' हे जपानमध्ये कर, कर्ज आणि व्याज यांचे परिमाण होते.

यातली खरी गंमत पुढेच आहे. आजही जपानी बँकांच्या रोख विभागात शंभर नोटांच्या जुडग्याला एक 'वा' म्हणतात आणि दहा 'वा' मिळून एक 'सोकू' होतो. भाताची पेंढी गेली, नोट आली. पण दहास एक हे प्रमाण आणि त्याची नावे मात्र तशीच राहिली. शंभर नोटांवर जी कागदी पट्टी गुंडाळतात तिचे नाव 'ओबिफू'. किमोनोवर बांधायचा ओबी, आणि 'फू' म्हणजे मोहोरबंद करणे. बोलीभाषेत 'सात्सुताबा' म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो असा, ओबी नेसलेला, शंभर नोटांचा, सुमारे एक सेंटिमीटर जाडीचा गठ्ठा.

आता इंग्रजीकडे वळू. 'वॉड' हा शब्द मुळात भरण्यासाठी, बुजवण्यासाठी वापरायच्या बोळ्याचा आहे. जुन्या तोफा-बंदुकांत दारू ठासून बसवायला जो चिंधीचा वा कागदाचा बोळा घालत, तो वॉड. नोटांना तो लावला की खिशात कोंबलेला, किती ते न मोजलेला पैसा दिसू लागतो. 'रोल'मध्ये गुंडाळी आहे आणि तिच्याभोवती जुगाराच्या अड्ड्याचे वातावरण. 'स्टॅक'मध्ये रचलेपणा आहे, पण बंधन नाही. 'बंडल'मध्ये बंधन आहे. पण 'बंडल' खर्च झाले म्हणताना इंग्रज माणसाला फक्त 'पुष्कळ' एवढेच म्हणायचे असते. 'ताबा'च्या सर्वांत जवळचा शब्द म्हणजे 'शीफ'. धान्याची पेंढी आणि कागदांची चळत या दोहोंना तो चालतो. पण त्याला आता जुनेपणाचा वास येतो, आणि रोखपालाच्या तोंडी तो शोभत नाही.

जपानीत एक वाक्प्रचार आहे: गालावर सात्सुताबा हाणणे, म्हणजे पैशाच्या जोरावर एखाद्याला लाचार करणे. ही प्रतिमा वॉडने उभी राहत नाही. चुरगळलेल्या बोळ्याने कुणाच्या गालावर आवाज काढता येत नाही. त्याला कडक, सरळ कडांचा, बांधलेला गठ्ठाच लागतो. अपमान नुसत्या पैशाचा नाही, त्याच्या शिस्तशीर बांधणीचा आहे.

• • •

आता कथा. हिगुची इचियो (१८७२–१८९६) या लेखिकेने 'ओत्सुगोमोरी', म्हणजे वर्षाचा शेवटचा दिवस, ही कथा डिसेंबर १८९४मध्ये 'बुंगाकुकाई' या मासिकात प्रसिद्ध केली. जुन्या जपानमध्ये वर्षअखेर हा हिशेब चुकते करण्याचा दिवस. सावकार, दुकानदार, घरमालक सगळे त्या दिवशी दाराशी येतात.

ओमिने ही अठरा वर्षांची मोलकरीण यामामुरा या श्रीमंत घरात राबते. आईबापांमागे तिला वाढवणारा मामा भाजीविक्या. आजारपणाने तो अंथरुणाला खिळला आहे. त्याने सावकाराकडून दहा येन घेतले, त्यातले दीड येन आधीच कापले जाऊन हातात साडेआठ पडले. आता मुदत संपते आहे. पुन्हा दीड येन भरले तर तीन महिने वाढवून मिळतील. वरचे अर्धे येन घरात सणाचे चार घास शिजावेत म्हणून. एकूण दोन येन. ओमिने मालकिणीकडे उचल मागते, मालकीण हो म्हणते, आणि ऐन दिवशी असे काही बोलणे झाल्याचेच नाकारते. मामाचा आठ वर्षांचा मुलगा पैसे न्यायला दारात येऊन उभा राहतो.

घरात त्या दिवशी एका कर्जाची परतफेड म्हणून वीस येन आले आहेत. ते लेखनसाहित्याच्या पेटीच्या खणात ठेवलेले ओमिनेने पाहिले आहेत. ती खण उघडते आणि गठ्ठ्यातून दोनच नोटा काढून मुलाच्या हाती देते. मूळ जपानीत इथे शब्द आहे तो 'ताबा'च. त्याच खोलीत घरातला उधळ्या सावत्र मुलगा इशिनोसुके झोपलेला असतो. निदान झोपलेला दिसतो. तो संध्याकाळी बापाकडून पन्नास येन उकळून निघून जातो. रात्री मोठा हिशेब सुरू होतो. मालकिणीला खणातल्या वीस येनांची आठवण होते आणि ती ओमिनेलाच पेटी आणायला सांगते. सगळे कबूल करायचे, मामाला यात ओढू द्यायचे नाही, तशी वेळ आलीच तर तिथल्या तिथे जीभ चावून मरायचे, एवढा निश्चय करून ओमिने पेटी आणते. खण उघडतो. गठ्ठा नाही. आहे ती एक चिठ्ठी: खणातलेही नेले आहे, अशा अर्थाची, खाली इशिनोसुकेचे नाव.

इशिनोसुकेने ओमिनेला पाहिले होते का? तिचा गुन्हा त्याने जाणूनबुजून आपल्या अंगावर घेतला, की हा केवळ उधळ्या मुलाचा आणखी एक हात होता? निवेदक एक-दोन शक्यता सुचवतो आणि बाजूला होतो.

सगळा पेच गठ्ठ्याच्या गणितात आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. सुट्या पैशांतून दोन गेले तर ते खर्चात जमा होतात, विसरले जातात. गठ्ठ्यातून दोन गेले की उरलेले अठरा स्वतःच साक्षीदार होतात. ओमिनेची चोरी जेवढी लहान, तेवढी ती उघडी. कारण ती मोडलेल्या संख्येच्या रूपाने मागे उरते. उलट इशिनोसुकेने अख्खा गठ्ठा उचलल्यामुळे मोजण्यासारखे काही उरतच नाही. दोन नोटांची चोरी लपवायला अठरा नोटांची चोरी लागते. आणि त्याच्या चिठ्ठीत आकडा नाही! 'खणातले' एवढेच आहे. त्याने वीस नेले की अठरा, हे त्या चिठ्ठीवरून कुणालाही कधीच कळणार नाही. ओमिनेला जीवदान दिले आहे ते या न लिहिलेल्या आकड्याने.

अशा जागी अनुवादकाने 'वॉड' लिहिले तर काय होते? वॉडमध्ये किती नोटा असतात हे कुणालाच ठाऊक नसते. तेव्हा त्यातल्या दोन काढल्या तर बिघडले काय, असे वाचकाला नकळत वाटून जाते, आणि ओमिनेची रात्रीची भीती अतिरंजित ठरते. शिवाय वॉडबरोबर येणारी खिशातल्या उबेची, चैनीची छटा वीस येनांच्या पातळ जुडग्याला मुळीच शोभत नाही. वीस येन या घराला किरकोळ आहेत, आणि ओमिनेच्या मामाला त्याच्या सगळ्या कर्जाच्या दुप्पट. 'बंडल' त्यातल्या त्यात बरे, कारण त्यात बांधलेपण आहे. पण त्याहून महत्त्वाचे काम करते ते इंग्रजीचे निश्चित उपपद, 'द'. जपानीत उपपद नाही. ओमिनेने तो गठ्ठा आधी पाहिला होता हे मूळ वाक्यात स्वतंत्र शब्दांनी सांगितले आहे. इंग्रजीत 'द बंडल' म्हटले की हा अमुकच गठ्ठा, ठाऊक असलेला आणि मोजलेला, हे वाचकापर्यंत पोचते. पुष्कळदा नामात जे हरवते ते व्याकरणात परत मिळवता येते, ते असे.

आणखी एक निवड उरते: नोटेला अमेरिकन पद्धतीने 'बिल' म्हणायचे की ब्रिटिश पद्धतीने 'नोट'? वरवर पाहता हा केवळ प्रदेशभेद आहे. पण 'बिल' म्हणजे देणेकऱ्यापुढे ठेवलेला हिशेबही. वर्षअखेरच्या वसुलीच्या दिवशी घडणाऱ्या कथेत हा शब्द आपोआप एक पडसाद घेऊन येतो. 'नोट' निवडली तर लाभ वेगळाच. 'नोट' म्हणजे पैसा आणि 'नोट' म्हणजे चिठ्ठीही. खणातून नोटा गेल्या आणि एक नोट उरली! मूळ जपानी वाक्यात ही कोटी नाही. पण अक्षरे लिहिलेली पट्टी आणि पैसा यांचे जे जुने नाते 'फुदा' आणि 'सात्सु' या एकाच अक्षराच्या दोन वाचनांत आहे, तेच इंग्रजीने आपल्या वाटेने इथे आणून दिले असे म्हणता येईल. अनुवादात तोटाच होतो असे म्हणणाऱ्यांनी अशा जागाही खात्यावर मांडाव्यात. एक मोह मात्र टाळलाच पाहिजे: चिठ्ठीचा इंग्रजी मजकूर स्पष्ट करण्याच्या भरात त्यात 'वीस येन' हा आकडा घालण्याचा. तो घातला की कथा संपली.

• • •

ओमिनेच्या दोन नोटांपासून विसाव्या शतकातल्या सात्सुताबापर्यंतचे अंतर फार मोठे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या चलनवाढीने येनाची किंमत कोसळली. फेब्रुवारी १९४६मध्ये सरकारने ठेवी गोठवून नवे येन आणले. नव्या नोटा पुरेशा छापून होईनात, म्हणून जुन्या नोटांवर छोट्या तिकिटांसारखे शिक्के चिकटवून त्या चालवल्या गेल्या. पुन्हा एकदा अक्षरे लिहिलेला कागदाचा तुकडा नोटेत प्राण फुंकत होता. १९५८ साली दहा हजार येनांची नोट निघाली, आणि शंभर नोटांच्या गठ्ठ्याला एक नेमके मोल आले: दहा लाख येन. तेव्हापासून सात्सुताबा हे जणू स्वतःच एक नाणे झाले. राजकारण्यांच्या आणि ठेकेदारांच्या सांकेतिक बोलीत दहा लाखांच्या गठ्ठ्याला 'कोन्न्याकू' (तीच ती कंदाची वडी), एक कोटीच्या चौकोनी रचनेला 'रेंगा', म्हणजे वीट, आणि दहा कोटींना 'झाबुतोन', म्हणजे बसायची उशी, अशी नावे पडली. १८८५च्या नोटेत मिसळलेला कोन्न्याकू असा नावाच्या रूपाने परत आला. दोहोंचा संबंध अर्थात आकारापुरता आणि योगायोगाचा.

सात्सुताबाचा इंग्रजी अनुवाद करण्याचा सर्वांत गाजलेला प्रसंग याच काळातला, आणि तो कुठल्याही साहित्यिक अनुवादकाने केलेला नाही. फेब्रुवारी १९७६मध्ये अमेरिकन सिनेटच्या फ्रँक चर्च यांच्या अध्यक्षतेखालील उपसमितीपुढे लॉकहीड या विमानकंपनीने परदेशांत दिलेल्या लाचेची प्रकरणे उघड झाली. त्यात जपानच्या मारुबेनी या व्यापारी कंपनीच्या एका संचालकाच्या सहीच्या इंग्रजी पावत्या होत्या. पहिली ऑगस्ट १९७३ची: शंभर 'पीनट्स' मिळाले. पुढच्या तीन पावत्यांत शब्द बदलून 'पीसेस' झाला: दीडशे, सव्वाशे, सव्वाशे. एकूण पाचशे नग. तपासात उलगडले ते असे, की एक शेंगदाणा किंवा एक नग म्हणजे दहा लाख येन. एकूण रक्कम पन्नास कोटी येन. माजी पंतप्रधान काकुएई तानाका यांच्यासाठी. तानाकांना जुलै १९७६मध्ये अटक झाली, ऑक्टोबर १९८३मध्ये टोकियोच्या न्यायालयाने चार वर्षांची शिक्षा सुनावली. सर्वोच्च न्यायालयात अपील प्रलंबित असतानाच १९९३च्या डिसेंबरात त्यांचा मृत्यू झाला.

न्यायालयाच्या दृष्टीने 'पीनट्स' हा गुन्हा दडवणारा संकेत होता. अनुवादाच्या दृष्टीने पाहिले तर त्यात आश्चर्यकारक अचूकपणा आहे. एक नग बरोबर दहा लाख येनांचा, म्हणजे दहा हजारी नोटांचा बरोबर एक गठ्ठा. पावती लिहिणाऱ्याने येनाचे भाषांतर केले नाही, डॉलरमध्ये रूपांतरही केले नाही. त्याने गठ्ठा हेच एकक धरले. वॉड, रोल, बंडल यांपैकी कुठल्याही इंग्रजी शब्दाला जमले नाही ते, म्हणजे सात्सुताबातली मोजणी शाबूत ठेवणे, एका खोट्या शब्दाने साधले. फक्त किंमत मोजावी लागली ती अशी: आकडा राहिला आणि पैसा नाहीसा झाला. इशिनोसुकेच्या चिठ्ठीत पैसा होता, आकडा नव्हता. मारुबेनीच्या पावत्यांत आकडा होता, पैसा नव्हता. दोन्ही पावत्याच, एक वाचवणारी, एक अडकवणारी.

• • •

आपण मराठी वाचक या इंग्रजी प्रतिशब्दांकडे पाहतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. पहिली अशी, की जपानी भाषा जिथे एकच 'ताबा' वापरते तिथे मराठी प्रत्येक वेळी नवे नाव घेते. फुलांचा गुच्छ, मेथीची जुडी, गवताची पेंढी, सरपणाची मोळी, कागदांचा गठ्ठा, नाण्यांची चळत, नोटांचे पुडके. जपानीत फुलांचा 'हानाताबा' आणि नोटांचा 'सात्सुताबा' शेजारी शेजारी बसतात. मराठीत गुच्छ आणि पुडके एकमेकांना ओळखही देत नाहीत. त्यामुळे नोटांच्या जुडग्यामागे भाताची पेंढी उभी आहे हे जपानी वाचकाला शब्दातच दिसू शकते. आपल्याला ते टीप देऊन सांगावे लागेल. इंग्रजीतून आलेल्या 'बंडल'ने तर मराठीत आपली अब्रूच घालवली आहे. बंडल मारणे म्हणजे थाप मारणे!

दुसरी गोष्ट बँकेतली. भारतातल्या बँकांच्या इंग्रजीत रिझर्व्ह बँकेच्या रीतीनुसार शंभर नोटांचे एक 'पॅकेट' होते आणि दहा पॅकेटांचे एक 'बंडल'. आणि सुटी नोट म्हणजे 'पीस'. म्हणजे जपानी बँकेतले 'वा' आणि 'सोकू' यांना नेमके प्रतिशब्द जर कुठल्या इंग्रजीत तयार असतील, तर ते लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या नव्हे, मुंबईच्या इंग्रजीत आहेत. २००१च्या अखेरीस रिझर्व्ह बँकेने नोटांच्या पुडक्यांना टाचण्या मारणे बंद करून कागदी पट्टी गुंडाळण्याचे बँकांना बजावले, तेव्हा आपल्या पॅकेटांनीही ओबी नेसला. कुण्या भारतीय अनुवादकाने बँकेतला एखादा प्रसंग जपानीतून इंग्रजीत आणताना शंभर नोटांच्या सात्सुताबाला 'पॅकेट' म्हटले, तर परदेशी संपादक कदाचित ते खोडेल. पण आपल्या रोखपालाच्या लेखी तेच बरोबर असेल, आणि 'बंडल' दहापटीने चूक.

यातून निष्कर्ष एवढाच, की 'सात्सुताबाला इंग्रजीत काय म्हणायचे' हा प्रश्न असा एकटा विचारता येत नाही. त्या वाक्यात गठ्ठ्याची संख्या महत्त्वाची आहे, बांधणी महत्त्वाची आहे, की तो धरणारा हात, हे आधी ठरवावे लागते. गालावर बसणाऱ्या गठ्ठ्याला कडा लागतात. लाचेच्या गठ्ठ्याला आकडा लागतो. ओमिनेच्या गठ्ठ्याला लागते ती अशी बांधणी, जिच्यातून दोनच नोटा काढल्या तरी घरभर आवाज व्हावा.

इचियोला गठ्ठ्यांचा परिचय बेताचाच होता. १८८९ साली वडील वारले ते कर्ज मागे ठेवून. घर चालवण्याचा भार तिच्यावर पडला. १८९३मध्ये तिने योशिवारा या वेश्यावस्तीजवळ किरकोळ मालाचे छोटे दुकान काढले, ते वर्षभरातच बंद पडले. 'ओत्सुगोमोरी' ही त्यानंतर काही महिन्यांनी लिहिलेली कथा आहे. त्यापुढच्या दोन वर्षांत, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ती क्षयाने गेली. तिच्या टोपणनावाचा अर्थ 'एक पान'. बोधिधर्म एका पानावर बसून नदी पार करतो ही त्यामागची कथा. आपण आणि बोधिधर्म दोघेही 'ओआशी' नसलेले, असे ती म्हणे असे सांगतात. ओआशी म्हणजे पाय, आणि बोलीत पैसाही.

नोव्हेंबर २००४मध्ये बँक ऑफ जपानने नवी पाच हजार येनांची नोट काढली, तिच्यावर चित्र होते हिगुची इचियोचे. या बँकेच्या नोटेवर मुख्य चित्र म्हणून आलेली ती पहिली स्त्री. जुलै २०२४मध्ये तिच्या जागी शिक्षणतज्ज्ञ त्सुदा उमेको यांचे चित्र आले; पण इचियोच्या नोटा अजूनही चालतात. वीस वर्षे जपानभरच्या रोखपालांनी शंभर इचियो मोजल्या, वर ओबी बांधला, आणि गठ्ठा पुढे सरकवला. त्यांतल्या एखाद्या गठ्ठ्यातून कधी दोनच नोटा कमी निघाल्या असतील, तर तो हिशेब कुणी कसा मिटवला, हे विचारायला ती मात्र नव्हती.